लिनक्स-फ्रीबीएसडीच्या सर्व्हरला स्टोरेज कार्ड कोणतं घ्यावं? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत लग्नाचे व्हिडिओ करणारे, शिरोलीच्या फाउंड्रीतलं ड्रॉइंग ऑफिस सांभाळणारे, लक्ष्मीपुरीतले सीए, इंजिनिअरिंगची पोरं, सगळ्यांचं गाऱ्हाणं साधारण सारखंच असतं. जुन्या पीसीवर ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट, प्रॉक्समॉक्स नाहीतर साधं डेबियन टाकून फाइल सर्व्हर करायचाय, डिस्क जास्त झाल्यात, पोर्ट पुरत नाहीत, मग जादा डिस्क जोडायला मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड कोणतं घेऊ? फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मला मुळात कार्ड लागतं का?

बऱ्याचदा नाही. मदरबोर्डवर चार किंवा सहा साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायच्या जागा) असतात. ते इंटेल नाहीतर एएमडीच्या चिपसेटचे असतात आणि एएचसीआय या ठरलेल्या पद्धतीनं बोलतात. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या सगळ्यांना ती भाषा येते. बायोसमध्ये जाऊन साटा मोड ‘रेड’वर (अनेक डिस्क मिळून एक करणाऱ्या पद्धतीवर) असेल तर ‘एएचसीआय’ करा, की झालं. एम.२ खाचेत एसएसडी लावली की काही बोर्डांवर एखाद-दुसरा साटा पोर्ट बंद पडतो. ‘पोर्ट खराब झालाय’ म्हणून बोर्ड दुरुस्तीला टाकण्याआधी मॅन्युअलमधलं ते पान वाचा.

आठ जुन्या दोन-दोन टीबीच्या डिस्क जोडायला कार्ड शोधत असाल तर आधी हिशेब करा. त्याऐवजी मोठ्या दोन डिस्क घेतल्या तर कार्ड नको, केबल नको, पॉवर सप्लाय मोठा नको, वीजबिलही कमी. कार्ड घ्यायचं ते बोर्डावरचे पोर्ट खरोखर संपल्यावर.

कार्ड घेताना सगळ्यात आधी काय बघायचं?

चिप. बाकी सगळं नंतर.

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ड्रायव्हर असतो तो चिपचा, खोक्यावरच्या नावाचा नाही. एलएसआय कंपनीची सॅस२००८ (सॅस ही सर्व्हरच्या डिस्क जोडायची पद्धत, तिला साटा डिस्कही चालतात) ही एकच चिप एलएसआयच्या ९२११-८आय कार्डावर होती, आयबीएमच्या एम१०१५ वर होती, डेलच्या एच२०० आणि एच३१० वर होती, फुजित्सूच्या डी२६०७ वरही होती. नावं पाच, लिनक्सच्या लेखी प्रकरण एकच. उलट बाजूनं, ऑनलाइन बाजारात ‘सहा पोर्ट साटा कार्ड’ म्हणून एकाच फोटोखाली विकल्या जाणाऱ्या कार्डावर या महिन्यात एक चिप असते आणि पुढच्या महिन्यात भलतीच.

प्रत्येक चिपच्या पोटात दोन आकडे कोरलेले असतात, कंपनीचा आणि चिपचा. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा दिली की चौकटी कंसात ते दिसतात. ‘१०००:००७२’ दिसलं तर १००० म्हणजे एलएसआय आणि ००७२ म्हणजे सॅस२००८. खालच्या ओळींत कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कोणता ड्रायव्हर वापरतोय तेही येतं. इथं ‘एमपीटी३सॅस’ असं पाहिजे. ती ओळच नसली तर तुमच्या कर्नलला हे कार्ड ओळखता आलेलं नाही, मग डिस्क कितीही बदला. फ्रीबीएसडीवर हेच काम ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ करतं. तिथं यादीत कार्डापुढे ‘नन’ असं नाव दिसलं तर ड्रायव्हर बसलेला नाही.

तपासाला सोपा मार्ग म्हणजे उबंटूचा नाहीतर डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात घेऊन दुकानात जा. कार्ड त्यांच्याच मशीनला लावून दाखवा म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे आणि चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

दुकानदार म्हणतो, ‘लिनक्सला चालतंय की, कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर आहे’. घेऊ का?

नको. ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असला पाहिजे. साइटवरून उतरवायचा ड्रायव्हर ठरावीक कर्नलसाठी बांधलेला असतो. आज चालेल, सहा महिन्यांनी अपडेट आला की रीबूटनंतर डिस्क गायब. तेव्हा कंपनीनं नवीन फाइल टाकलेली असेल याची खात्री कोण देणार?

एचबीए आणि रेड कार्ड यात फरक काय? आणि हे आयटी मोड काय असतं?

मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरवणारा हमाल रवा आहे तसा उचलतो आणि सांगाल तिथं ठेवतो. अडत्या मात्र मालाची नोंद स्वतःच्या वहीत करतो, आणि वही त्याच्याकडंच राहते. एचबीए म्हणजे हमाल, रेड कार्ड म्हणजे अडत्या.

एचबीए (होस्ट बस अडॅप्टर) डिस्क जशी आहे तशी ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देतं. रेड कार्ड स्वतःच चार डिस्क मिळून एक मोठी डिस्क करतं आणि वर तेवढीच दाखवतं. खालच्या डिस्क कोणत्या, त्यांची तब्येत कशी, कुठली चूक कार्डानं गुपचूप गिळली, हे वरून कळत नाही. एलएसआयच्या बऱ्याच कार्डांत हा स्वभाव फर्मवेअरनं (कार्डातल्या पक्क्या प्रोग्रामनं) ठरतो. ‘आयआर’ फर्मवेअर टाकलं तर थोडंफार रेड, ‘आयटी’ म्हणजे इनिशिएटर-टार्गेट फर्मवेअर टाकलं तर निव्वळ हमाली.

झेडएफएस ही फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांना हमालच पाहिजे. झेडएफएस हे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार झालं आणि २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुलं झालं. त्यात प्रत्येक ब्लॉकची बेरीज-तपासणी स्वतंत्र ठेवलेली असते. वाचताना बेरीज जुळली नाही की ते दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत काढतं आणि बिघडलेली दुरुस्त करतं. पण त्यासाठी दुसरी डिस्क त्याला स्वतंत्र दिसायला पाहिजे. शिवाय ‘लिहून झालं’ असं डिस्कनं सांगितलं की ते खरंच लिहिलेलं असावं यावर त्याचा सगळा कारभार चालतो. मध्ये बसलेल्या कार्डानं आपल्या कॅशमध्ये ठेवून ‘झालं’ म्हणून सांगितलं, त्याची बॅटरी मेलेली असली आणि तेवढ्यात लाइट गेली, तर मग आनंद आहे.

कोल्हापुरात बसून मला यापेक्षा मोठं कारण वेगळंच वाटतं. रेड कार्ड मेलं तर त्यानं डिस्कवर केलेली मांडणी वाचायला पुन्हा त्याच घराण्यातलं कार्ड लागतं. ते काय शाहूपुरीत संध्याकाळी मिळत नाही. पुण्याला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फोनाफोनी करायची, कुरिअरची वाट बघायची, तोवर ऑफिस बंद. एचबीए मेलं तर डिस्क काढा, दुसऱ्या कुठल्याही कार्डाला किंवा थेट मदरबोर्डाला लावा, ‘झेडपूल इंपोर्ट’ म्हणा, पूल (झेडएफएसनं एकत्र बांधलेल्या डिस्क) पुन्हा उभा. लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर रेडला, म्हणजे एमडी रेडलाही हेच लागू आहे. कार्ड जितकं बिनडोक तितकं उद्या सकाळी काम सुरू होण्याची शक्यता जास्त.

याचा अर्थ रेड कार्ड टाकाऊ असतं असं नाही. बॅटरी धड असलेल्या, एलएसआयच्या मेगारेड या रेड कार्डावर एक्सएफएस फाइल सिस्टीम टाकून वर्षानुवर्षं चाललेले सर्व्हर आहेत. लिनक्समध्ये त्याचा मेगारेड_सॅस ड्रायव्हरही पक्का आहे. फक्त जवळ तसंच दुसरं कार्ड आणून ठेवायची तयारी पाहिजे. ती कुणाची नसते.

रेड कार्डावर प्रत्येक डिस्कचा वेगळा रेड-० (एकाच डिस्कचा गट) केला तर?

हा जुगाड सगळ्यांना सुचतो. नको. डिस्कवर कार्डाची स्वतःची खूण राहते, स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहिती सरळ मिळत नाही, ‘स्मार्टसीटीएल’ला ‘-डी मेगारेड’ लावून डिस्कचा क्रमांक सांगत बसावं लागतं. आणि डिस्क बदलली की आधी कार्डाच्या मेनूत जाऊन नवा रेड-० करायचा. हे कार्ड बसवणाऱ्याला ठाऊक असतं. तो नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो.

ऑफिसमधून निघालेला जुना डेलचा सर्व्हर मिळतोय. त्यातलं कार्ड चालेल?

कोणतं आहे त्यावर. एच२०० आणि एच३१० वर आयटी फर्मवेअर चढवता येतं. एच७०० असेल तर ते सोडून द्या, त्यात डिस्क सरळ दाखवायची सोयच नाही. एच७३० मध्ये एचबीए मोड आहे आणि लिनक्सवर तो चालतो. फ्रीबीएसडीवर मात्र हे कार्ड जुना ‘एमएफआय’ ड्रायव्हर पकडतो. ‘एमआरसॅस’नं धरावं असं वाटत असेल तर बूटच्या वेळी ‘एचडब्ल्यू.एमएफआय.एमआरसॅस_इनेबल’ची किंमत १ करायला लागते. एचबीए३३० असेल तर काही करायचंच नाही, तो जन्मतःच हमाल आहे. सर्व्हर घेताना किमतीत घासाघीस करायची तर याच कार्डावरून करा.

मग नेमकं मॉडेल सांगा की!

सांगतो. सॅस१०६८ई ही चिप असलेली कार्डं कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. दोन टीबीच्या पुढची डिस्क त्यांना पेलत नाही, कितीही खटपट केली तरी.

सॅस२००८, म्हणजे ९२११-८आय आणि त्याची भावंडं. आठ डिस्क, प्रत्येकी ६ गिगाबिट, पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या आठ लेन (स्लॉटमधून डेटा जायच्या वाटा). फिरणारी डिस्क सलग वाचताना सेकंदाला २५० एमबीच्या आसपास जाते. आठही एकदम पळाल्या तरी दोन जीबी होतात आणि या कार्डाच्या लेन कागदावर चार जीबी नेऊ शकतात. म्हणजे साध्या हार्ड डिस्कला हे आजही पुरून उरतं.

सॅस२३०८, म्हणजे ९२०७-८आय किंवा एचपीचं एच२२०. तेच काम, पीसीआय एक्स्प्रेस ३.० वर. किमतीत फारसा फरक नसेल तर हे घ्या. ९२०७ मुळातच आयटी फर्मवेअरवर येतं, त्यामुळे फ्लॅशिंगची (फर्मवेअर बदलायची) कटकट बहुधा वाचते.

सॅस३००८, म्हणजे ९३००-८आय. १२ गिगाबिट. एसएसडी जास्त असतील किंवा पुढची बरीच वर्षं कार्ड बदलायचं नसेल तर हे. नवीन मांडणीला मी हेच सुचवतो.

९४०० आणि ९५०० साटा, सॅस आणि एनव्हीएमई तिन्ही बोलतात. ९५०० ला केबल वेगळी आणि महाग. फोटोंच्या बॅकअपसाठी ही घेणं म्हणजे दसरा चौकातून बिंदू चौकात जायला हेलिकॉप्टर. ९६०० ला तर ड्रायव्हरही वेगळा आहे, ‘एमपीआय३एमआर’. जुन्या कर्नलला तो ठाऊक नसतो.

सोळा डिस्क लावायच्या असतील तर ९३००-१६आय कडे लोक वळतात. त्या कार्डावर दोन चिपा आहेत आणि ते चांगलंच तापतं. त्यापेक्षा आठ पोर्टचं कार्ड आणि त्याला जोडलेला सॅस एक्सपांडर (एका कार्डाचे पोर्ट वाढवणारी पाटी) बरा. इंटेलचा आरईएस२एसव्ही२४० जुन्या बाजारात मिळून जातो.

स्वस्तातलं साटा कार्ड चालणारच नाही का?

चालेल, पण चिप बघून. दोन ते सहा डिस्कसाठी दोन चिपा बऱ्या: एएसमीडियाची एएसएम११६६, जिच्यावर सहा पोर्ट असतात, आणि जेमायक्रॉनची जेएमबी५८५, जिच्यावर पाच. दोन्ही पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या दोन लेन वापरतात, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन जीबी. दोन्ही एएचसीआय बोलतात, ड्रायव्हरचा प्रश्नच नाही. चार पोर्टची एएसएम१०६४ एकाच लेनवर चालते, तीही हार्ड डिस्कला ठीक. मार्व्हेलच्या ८८एसई९१ मालिकेपासून मात्र लांब राहा. आयओएमएमयू (व्हर्च्युअल मशीनला कार्ड थेट द्यायला लागणारी सोय) चालू केलं की त्या चिपा चुकीच्या पत्त्यावरून बोलू लागतात. लिनक्सला त्यासाठी कर्नलमध्ये खास डागडुजी करायला लागली आहे.

खरी फसगत पोर्टांच्या संख्येत होते. दहा, सोळा, वीस साटा पोर्टचं कार्ड, लांबी वीतभर, आणि सोन्याची पट्टी इवलीशी एका लेनची! एवढे पोर्ट देणारी स्वस्त चिप बाजारात नाही. आत एक छोटी साटा चिप आणि तिच्या मागं पोर्ट मल्टिप्लायर असतात, बहुधा जेएमबी५७५, एका पोर्टाचे पाच करणारे. कार्ड उलटसुलट करून काळ्या चौकोनी चिपा मोजा. हीटसिंकखाली (चिप गार ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली) एक आणि पोर्टांच्या रांगेजवळ आणखी दोन-तीन सारख्या चिपा दिसल्या की समजायचं. त्यात एक डिस्क अडखळली की त्या मल्टिप्लायरवरच्या पाचही डिस्क एकदम रीसेट होतात. झेडएफएसला वाटतं पाच डिस्क मेल्या आणि ते पूल थांबवतं. शिवाय सगळ्यांची वाट एकच. जुन्या २.० लेनवर ५०० एमबीत वीस डिस्क म्हणजे स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) संपेपर्यंत जोतिबाची यात्रा पायी करून याल.

ट्रूनॅस, फ्रीबीएसडी, रेड हॅट… ऑपरेटिंग सिस्टीमनुसार कार्ड बदलतं का?

एलएसआयच्या एचबीए घराण्यासाठी फारसं नाही. लिनक्समध्ये ‘एमपीटी३सॅस’ सहा आणि बारा गिगाबिट दोन्ही सांभाळतो. फ्रीबीएसडीत ६ गिगाबिटवाल्यांना ‘एमपीएस’, १२ वाल्यांना ‘एमपीआर’. ओपनबीएसडीत ‘एमपीआयआय’. ट्रूनॅस कोअर फ्रीबीएसडीवर आहे आणि ट्रूनॅस स्केल डेबियन लिनक्सवर, त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर गेलात तरी हे कार्ड तसंच राहतं. त्यासाठीच ही कार्डं एवढी लोकप्रिय झाली.

एक खाच आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ आलं २०१९ मध्ये, आणि त्यात एमपीटी३सॅस ड्रायव्हर ठेवूनही सॅस२००८ सारख्या जुन्या चिपांचे आकडे यादीतून काढून टाकले. ड्रायव्हर हजर, कार्ड हजर, डिस्क एकही नाही. सेंटओएस ७ वरून उडी मारणाऱ्या बऱ्याच ऑफिसांना हा झटका बसला. यावर ‘ईएलरेपो’चा ड्रायव्हर घालता येतो, आणि अल्मालिनक्सनं ९.४ पासून असं बरंच जुनं हार्डवेअर पुन्हा चालू केलंय. डेबियन आणि उबंटूत हा प्रश्न नाही. कारण नसताना रेड हॅट घराण्यात शिरू नका, आणि शिरायचंच असेल तर ९३०० घ्या.

ओपनसोर्स म्हणवणाऱ्या प्रत्येक सिस्टीमची हार्डवेअर यादी असते. फ्रीबीएसडीची सगळ्यात नेटकी. ‘मॅन एमपीएस’ म्हणा, चालणारी कार्डं नावानिशी समोर येतात.

कार्ड दिसतंय, डिस्क एकही दिसत नाही. कार्ड फॉल्टी?

केबल बघा. या कार्डांना साटाचा साधा पोर्ट नसतो. ९२११ आणि ९२०७ ला एसएफएफ-८०८७ नावाचं रुंद सॉकेट, ९३०० ला एसएफएफ-८६४३. त्यातून एका केबलला चार साटा टोकं फुटतात. यात फॉरवर्ड आणि रिव्हर्स असे दोन प्रकार आहेत, आणि दिसायला दोन्ही जुळी भावंडं. फॉरवर्ड केबल कार्डाकडून डिस्ककडे, रिव्हर्स ही मदरबोर्डाच्या चार साटा पोर्टांकडून सर्व्हरच्या बॅकप्लेनकडे (डिस्क खोचायच्या पाटीकडे). आतल्या तारांची जोडणी वेगळी, म्हणून उलटी लावून चालत नाही. पाकिटावर ‘फॉरवर्ड’ लिहिलेलं नसेल तर दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तो हसेल, हसू दे. साटाची लांबी एक मीटरच्या पुढं न्यायची नाही, हेही त्यातच आलं.

कार्डाला हात लावला तर चटका बसतो. हे बरोबर आहे का?

त्याच्या दृष्टीनं बरोबर, तुमच्या मशीनच्या दृष्टीनं नाही. ही कार्डं सर्व्हरसाठी बनली, जिथं पुढून मागं वारा सतत घोंघावत असतो. कंपनीच्या कागदात मिनिटाला २०० फूट वेगाचा वारा मागितलाय. आपल्या टॉवर कॅबिनेटमध्ये कार्डाच्या आसपास हवा हलत पण नाही. त्यात एप्रिल-मे, पत्र्याच्या माळ्यावरचं ऑफिस. चिप तापली की डिस्क अधूनमधून सुटायला लागतात, आणि सकाळी गार असताना सगळं ठीक! ४० मिलिमीटरचा छोटा पंखा हीटसिंकवर झिप-टायनं बांधा. जुन्या कार्डाचा हीटसिंक काढून वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली तर आणखी चांगलं.

उद्यमनगरात किंवा फाउंड्रीच्या आवारात सर्व्हर असेल तर धुळीत लोखंडाचा कीस असतो. ती धूळ नुसती साचत नाही, वीजवाहक असते. कॅबिनेटला जाळी लावा आणि ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा.

फर्मवेअर बदलायलाच पाहिजे का?

आधी कोणतं आहे ते बघा. लिनक्सवर ‘डीमेसेज’मध्ये चिपच्या नावापुढं फर्मवेअरचा आकडा छापून येतो. सॅस२००८ आणि सॅस२३०८ ला २०.००.०७.०० पाहिजे. २० च्या मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत गडबडी होत्या, त्या असतील तर बदलाच. सॅस३००८ ला १६.००.१२.००.

साधनं ‘सॅस२फ्लॅश’ आणि ‘सॅस३फ्लॅश’ अशी आहेत. सुरुवात करण्याआधी कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा ५००६०५बी नं सुरू होणारा सॅस पत्ता मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. जुनं फर्मवेअर पुसलं की तो पत्ताही जातो आणि परत हातानं घालायला लागतो. पुसल्यानंतर आणि नवं लिहिण्याआधी मशीन रीबूट करायचं नाही, काही झालं तरी. पावसाळ्यात महावितरणच्या भरवशावर हे काम करू नये, यूपीएसवर करा, आणि यूपीएसची बॅटरी आधी तपासा. बूट रॉम टाकायची गरज नाही, डिस्कवरून बूट करायचं नसेल तर. न टाकल्यानं मशीन लवकरही सुरू होतं.

जुनं कार्ड घेताना नकली कसं ओळखायचं?

‘एकदम नवीन, सीलबंद ९२११’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हा. ते कार्ड कधीच बनायचं बंद झालंय. एलएसआय ही कंपनी २०१४ मध्ये अवागोनं घेतली आणि अवागोच २०१६ मध्ये ब्रॉडकॉम झाली, तेव्हा चकचकीत खोक्यावर एलएसआयचा शिक्का आणि कालची छपाईची तारीख हे जमत नाही. त्यापेक्षा सर्व्हरमधून काढलेलं, कडा जराशा मळलेलं, डेल किंवा आयबीएमचं स्टिकर असलेलं कार्ड विश्वासाचं. सॅस पत्ता सगळे शून्य किंवा दोन कार्डांवर सारखाच आला तर परत करा.

कार्ड लावल्यावर मशीन सुरूच होत नाही.

कार्ड आठ लेनचं असतं, म्हणून ते ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटमध्ये घाला. दुसरा लांब स्लॉट बऱ्याच बोर्डांवर दिसायला मोठा आणि आतून चारच लेनचा असतो. चालेल, फक्त वेग कमी. काही बोर्डांवर डेलची आणि आयबीएमची कार्डं लावली की स्क्रीनच येत नाही. त्याला ओळखीचा उपाय आहे: कार्डाच्या सोनेरी पट्टीवरच्या बी५ आणि बी६ या दोन पिनांवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा) बारीक तुकडा चिकटवायचा. त्या पिना एसएमबसच्या, बोर्डाच्या मेमरीच्या ओळखीत लुडबुड करतात. टेप नेमकी दोनच पिनांवर बसली पाहिजे. चष्मा लावून करा.

एसएसडी लावल्या तर ट्रिम चालतं का?

ट्रिम म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं. ते एलएसआयच्या एचबीएवर सगळ्या साटा एसएसडींना चालत नाही. ट्रिमनंतर वाचलं तर ठरलेलंच उत्तर देणार असं जी एसएसडी जाहीर करते, तिलाच ते पुढं जाऊ देतं. शक्य असेल तर एसएसडी मदरबोर्डाच्या पोर्टाला आणि हार्ड डिस्क कार्डाला अशी विभागणी करा.

प्रॉक्समॉक्सवर व्हर्च्युअल मशीनमध्ये ट्रूनॅस चालवायचंय.

मग कार्ड अख्खंच्या अख्खं त्या मशीनला देऊन टाका. एकेक डिस्क वेगळी देऊ नका. बायोसमध्ये व्हीटी-डी किंवा एएमडी-व्हीआय चालू पाहिजे. बोर्डावरचे साटा पोर्ट प्रॉक्समॉक्सच्या बूट डिस्कसाठी ठेवले की भांडण मिटतं.

एकच डिस्क सारखी सुटते. कार्ड बदलू?

थांबा. ‘स्मार्टसीटीएल -ए’ लावून १९९ क्रमांकाची नोंद बघा, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. ५, १९७ आणि १९८ शून्यावर आणि १९९ वाढत चाललेला असेल तर डिस्क ठणठणीत आहे, वाट खराब आहे. केबल बदला. हा आकडा परत शून्य होत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्यानं वाढला का बघा. केबल बदलूनही वाढत असेल तर त्या टोकाची डिस्क दुसऱ्या टोकाला लावा. तक्रार डिस्कबरोबर गेली तर डिस्क, जागेवर राहिली तर कार्ड किंवा केबल.

पॉवरही विसरू नका. मोलेक्सवरून साटा करणारे साच्यात ओतलेले स्वस्त जोड जळतात, अक्षरशः. आठ डिस्क एकदम फिरायला लागल्या की सुरुवातीला प्रत्येकी दीड-दोन अँपिअर बारा व्होल्टवर ओढतात. ४५० वॉट लिहिलेला बिनब्रँड सप्लाय तिथंच गुडघे टेकतो.

आणि डिस्क एसएमआर प्रकारची (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला मंद) असेल तर तीही कार्डावर आळ आणते. वेस्टर्न डिजिटलनं २०२० मध्ये ‘रेड’ (म्हणजे लाल, कार्डाचं रेड नव्हे) या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं होतं. अशी डिस्क बदलीला घातली की झेडएफएसच्या पुनर्बांधणीत ती इतकी मागं पडते की मेल्यासारखी वाटते. मॉडेल क्रमांक टाकून सीएमआर (साध्या जुन्या पद्धतीची) आहे ना हे आधी बघा.

आरसा (एकच डेटा दोन डिस्कवर) करून ठेवलाय, म्हणजे बॅकअप झाला ना?

नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शाहूपुरी-व्यापारी पेठेतल्या ज्यांच्या सर्व्हरला दोन काय चार डिस्कचा आरसा होता, त्यांच्या चारही डिस्क एकाच पाण्यात होत्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोक्याची पातळी असते. त्या दिवशी मशीन उचलून नेण्यापेक्षा दुसरी प्रत आधीच पूररेषेच्या वर पाहिजे. कळंब्याला किंवा राजारामपुरीत कुणाच्या तरी घरी एक जुना पीसी, बोर्डावरच्याच पोर्टांना दोन मोठ्या डिस्क, आणि रात्री ‘झेडएफएस सेंड’नं तिकडं प्रत. त्या मशीनला कार्डबिर्ड काही लागत नाही.

मरतेय ती डिस्क नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर जाऊ नका, रीबूटला ती बदलतात. पूल करतानाच ‘डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ खालची नावं वापरा, त्यात डिस्कचा सीरिअल नंबर असतो. कार्ड चार-चारच्या दोन केबलांवर डिस्क वाटतं, म्हणून केबलच्या टोकांवरचे पी१ ते पी४ हे आकडे आणि सीरिअल नंबरचे शेवटचे चार अंक असा तक्ता करा आणि कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. प्रत्येक डिस्कच्या बाहेर दिसणाऱ्या कडेलाही तेच चार अंक मार्करनं लिहा. काढायच्या आधी मशीन बंद करा, आणि अंक दोनदा वाचून मगच स्क्रू फिरवा.